घरसामान हलवताना नुकसानभरपाई आणि विमा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्याहून बंगळुरूला, नागपूरहून मुंबईला किंवा ठाण्यातल्या ठाण्यात घर बदलणाऱ्या कुटुंबांना पॅकर्स अँड मूव्हर्सशी व्यवहार करताना पडणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. भर भारतातील रस्तेवाहतुकीवर आहे; शेवटी अमेरिकेत घर बदलणाऱ्या मराठी वाचकांसाठी एक उत्तर जोडले आहे.

मूव्हर्सच्या कोटेशनमध्ये ‘ट्रान्झिट इन्शुरन्स’ अशी ओळ आहे आणि तिच्यापुढे रक्कमही लावली आहे. म्हणजे माझ्या सामानाचा विमा उतरला, असे समजावे का?

केवळ त्या ओळीवरून तसे समजू नये. भारतात विमा देण्याचा अधिकार विमा नियामक प्राधिकरणाकडे, म्हणजे आयआरडीएआयकडे, नोंदणी असलेल्या विमा कंपन्यांनाच आहे. मूव्हर्स हा मालवाहतूकदार असतो, विमा कंपनी नसतो. तो तुमच्याकडून जाहीर किमतीच्या (म्हणजे तुम्ही सांगितलेल्या सामानाच्या किमतीच्या) साधारण दीड ते तीन टक्के रक्कम आणि तिच्यावर जीएसटी घेतो, तेव्हा त्या पैशांचे पुढे तीनपैकी एक काहीतरी होते. एक, तो खरोखर एखाद्या विमा कंपनीकडून तुमच्या नावाने पॉलिसी किंवा प्रमाणपत्र काढून देतो. दोन, त्याने स्वतःच्या नावावर वर्षभराची खुली पॉलिसी घेतलेली असते आणि तुमची खेप तो तिच्यात नोंदवतो. निदान नोंदवणे अपेक्षित असते. तीन, तो कुठेही काहीच भरत नाही. नुकसान झालेच तर किरकोळ रक्कम खिशातून देऊ, एवढा त्याचा हिशेब असतो आणि ही रक्कम त्याच्या नफ्यात जमा होते.

तिसरा प्रकार दुर्मीळ नाही. ओळखण्याचा उपाय साधा आहे. गाडी भरण्याआधी विमा कंपनीचे नाव, पॉलिसी किंवा प्रमाणपत्राचा क्रमांक, विमाधारक म्हणून तुमचे नाव, कुठून कुठे जायचे, गाडीचा किंवा बिल्टीचा (वाहतूकदार देतो त्या मालाच्या पावतीचा) क्रमांक आणि विम्याची रक्कम या सहा गोष्टी असलेला कागद मागावा आणि विमा कंपनीच्या ग्राहक सेवा क्रमांकावर फोन करून तो क्रमांक खरा असल्याची खात्री करून घ्यावी. ‘पॉलिसी ऑफिसमधून मेल होईल, तोवर गाडी भरू द्या’ असे उत्तर आले, तर ती ओळ कोटेशनमधून काढून टाकायला सांगावी आणि विमा स्वतः घ्यावा. मूव्हर्सच्या लेटरहेडवर छापलेले ‘इन्शुरन्स सर्टिफिकेट’ पॉलिसी ठरत नाही, त्यावर कितीही शिक्के असले तरी.

मी विमा घेतलाच नाही, तर मूव्हर्सवर काहीच जबाबदारी उरत नाही का?

उरते. विमा आणि मालवाहतूकदाराची कायदेशीर जबाबदारी या दोन स्वतंत्र बाबी आहेत. बहुतेक भांडणे या दोहोंची गल्लत झाल्यामुळेच होतात. १८६५ च्या जुन्या कायद्याच्या जागी आलेला ‘कॅरेज बाय रोड ॲक्ट, २००७’ हा कायदा १ मार्च २०११ पासून लागू आहे. सर्वांसाठी भाड्याने रस्त्यावरून माल नेणारा वाहतूकदार, बुकिंग कंपनी, कंत्राटदार, एजंट आणि दलालसुद्धा त्याच्या कक्षेत येतात. कलम १७ नुसार ताब्यात दिलेला माल वाटेत हरवला, नष्ट झाला, खराब झाला किंवा पोहोचलाच नाही, तर काही मोजके अपवाद वगळता वाहतूकदार जबाबदार असतो. त्याहून महत्त्वाचे हे की, नुकसान वाहतूकदाराच्या किंवा त्याच्या माणसांच्या हलगर्जीपणामुळे झाले हे सिद्ध करण्याचा भार ग्राहकावर नसतो. माल चांगल्या स्थितीत दिला होता आणि मोडलेल्या स्थितीत मिळाला, एवढे तुम्ही दाखवले की पुढचा खुलासा करणे त्याचे काम असते. जुन्या कायद्यातही हेच तत्त्व होते. ग्राहक आयोगापुढील (तेव्हाच्या ग्राहक मंचापुढील) तक्रारीलाही ते लागू पडते, असे सर्वोच्च न्यायालयाने पटेल रोडवेज विरुद्ध बिर्ला यामाहा या खटल्यात २००० साली स्पष्ट केले आहे.

मग पूर्ण किंमत वसूल होईल का?

येथे खरी अडचण आहे. कलम १० आणि त्याखालील २०११ चे नियम यांनुसार वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंत मर्यादित आहे, आणि ती रक्कम मालपाठवणीच्या नोंदपत्रात (माल देताना पाठवणाऱ्याने भरायच्या ‘गुड्स फॉरवर्डिंग नोट’मध्ये) तुम्ही जाहीर केलेल्या किमतीपेक्षा जास्त असू शकत नाही. भाडे २८,००० रुपये असेल तर कमाल मर्यादा २,८०,००० रुपये होते. परंतु प्रतिनिधीने घाईत ‘व्हॅल्यू ५०,०००’ असे लिहून घेतले असेल, तर मर्यादा पन्नास हजारांवर येते. कमी किंमत लिहिली की खर्च वाचतो, असे सांगून ग्राहकाकडून असा आकडा लिहून घेण्याची पद्धत बरीच रुळलेली आहे. त्यात खर्च वाचतो तो मुख्यतः वाहतूकदाराचा.

आणखी एक बारकावा सहसा कोणी सांगत नाही. बिलात भाडे, पॅकिंग, चढवणे-उतरवणे, अनपॅकिंग अशा वेगवेगळ्या ओळी पाडलेल्या असतात. एकूण बिल २८,००० रुपयांचे असले तरी ‘भाडे’ या ओळीत ११,००० रुपयेच असतील, तर दहापटीचा हिशेब त्या अकरा हजारांवरच करायचा, असा युक्तिवाद पुढे केला जाऊ शकतो. म्हणून कोटेशन मंजूर करतानाच एकूण रक्कम वाहतुकीच्या एकाच कराराची आहे, असे लिहून घेणे हिताचे असते.

ही मर्यादा ओलांडायची असेल तर कलम ११ खाली जास्त जोखमीचा दर देऊन माल पाठवता येतो. वाहतूकदारांच्या भाषेत याला ‘कॅरियर्स रिस्क’ किंवा ‘एफओव्ही’ (फ्रेट ऑन व्हॅल्यू, म्हणजे किमतीवरचा) आकार म्हणतात. असा आकार दिला असेल तर बिल्टीवर त्याची स्वतंत्र नोंद हवी. ‘मिसलेनियस’ या ओळीत गेलेल्या पैशांचा पुढे काही उपयोग होत नाही.

बिल्टीवर ‘ॲट ओनर्स रिस्क’ असा शिक्का आहे. माझा हक्क संपला का?

नाही. हा शिक्का जवळपास प्रत्येक बिल्टीवर छापलेला असतो आणि ग्राहकाने काही मागितले की प्रथम त्याच्यावरच बोट ठेवले जाते. तथापि, अशा छापील अटीमुळे वाहतूकदार स्वतःच्या किंवा आपल्या माणसांच्या हलगर्जीपणाच्या परिणामांतून मोकळा होत नाही, अशी न्यायालयांची भूमिका सातत्याने राहिली आहे. नाथ ब्रदर्स विरुद्ध बेस्ट रोडवेज हा २००० सालचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यासंदर्भात नेहमी उद्धृत होतो. ‘काचेच्या वस्तूंची जबाबदारी नाही’, ‘सर्व वाद अमुक शहराच्या न्यायकक्षेत’ या छापील ओळींचीही अवाजवी धास्ती घेऊ नये. मात्र शिक्का निष्प्रभ ठरवण्यासाठी वेळ, कागदपत्रे आणि कदाचित वकील लागतो. गाडी भरण्यापूर्वी तो शिक्का खोडून त्यावर दोघांनी सही करणे कितीतरी सोपे.

पाऊस, अपघात, दंगल अशा वेळी काय?

दैवी आपत्ती, युद्ध, दंगल व नागरी अशांतता, कायदेशीर जप्ती आणि सरकारी मनाई या कारणांनी झालेल्या नुकसानीतून कायदा वाहतूकदाराला सूट देतो. त्याला एक महत्त्वाचा परंतुक जोडलेला आहे: योग्य ती दक्षता घेतली असती तर नुकसान टळले असते, असे दिसल्यास ही सूट मिळत नाही. जुलैमध्ये कोकणात पाऊस पडतो, ही काही अनपेक्षित घटना नव्हे. ताडपत्री फाटकी होती, ती नीट बांधलेली नव्हती किंवा गाद्या ट्रकच्या फळीला लागून उघड्या ठेवल्या होत्या आणि सामान भिजले, तर त्याला दैवी आपत्ती म्हणता येत नाही. दरड कोसळून ट्रक दरीत गेला, तर प्रश्न वेगळा. चालकाच्या चुकीने झालेला अपघात वरील अपवादांच्या यादीत कुठेही नाही.

पावसाळ्यात घर हलवावेच लागत असेल तर बंद कंटेनरची गाडी मागावी आणि कोटेशनमध्ये तसा स्पष्ट उल्लेख करून घ्यावा. ताडपत्रीच्या गाडीपेक्षा तिचे भाडे जास्त असते, पण हा खर्च कोणत्याही विम्यापेक्षा लवकर वसूल होतो.

‘आमच्या ट्रकचा विमा आहे’ असे प्रतिनिधी म्हणतो. शिवाय माझ्या घराचाही विमा आहे. तेवढे पुरेसे नाही का?

दोन्ही पॉलिसी येथे उपयोगी पडत नाहीत. ट्रकची पॉलिसी ट्रकच्या नुकसानीसाठी आणि रस्त्यावरील त्रयस्थांच्या दाव्यांसाठी असते; गाडीत लादलेला, वाहतूकदाराच्या ताब्यातला माल तिच्यात येत नाही. वाहतूकदार ‘कॅरियर्स लीगल लायबिलिटी’ नावाची वेगळी पॉलिसी घेऊ शकतो. परंतु ती त्याच्यावर येणाऱ्या जबाबदारीचे संरक्षण करते, म्हणजे आधी त्याची जबाबदारी ठरावी लागते.

घराच्या विम्याचे, उदाहरणार्थ एप्रिल २०२१ पासून सर्व सर्वसाधारण विमा कंपन्या देत असलेल्या ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीचे, संरक्षण पॉलिसीवर लिहिलेल्या पत्त्याशी बांधलेले असते. सामान त्या दारातून बाहेर पडले की ते संरक्षण मागेच राहते. नव्या घरी पोहोचल्यावरही पत्ता बदलून घेतल्याशिवाय ते सुरू होत नाही. शिफ्टिंगच्या गडबडीत हे काम हमखास राहून जाते.

स्वतः विमा घ्यायचा झाल्यास कोणती पॉलिसी मागावी?

देशांतर्गत मालवाहतुकीचा विमा सागरी विमा या विभागाखाली विकला जातो, हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटते. विमा कंपनीच्या संकेतस्थळावर शोधतानाही ‘मरीन’ हाच विभाग उघडावा लागतो. त्याच्या अटी ‘इन्लँड ट्रान्झिट क्लॉज’ या नावाने ठरलेल्या असून त्यांचे ए, बी आणि सी असे प्रकार आहेत. ‘ए’ हा सर्वांत व्यापक: त्यात स्पष्टपणे वगळलेल्या गोष्टी सोडून सर्व जोखमी येतात, म्हणजे हाताळताना पडून फुटणे आणि चोरीसुद्धा. ‘बी’मध्ये आग, वीज, पूल कोसळणे, गाडीची टक्कर, गाडी उलटणे किंवा रेल्वे रुळावरून घसरणे एवढ्याच नामनिर्दिष्ट घटना येतात. ‘सी’ त्याहून तोकडा.

घरसामानाच्या बाबतीत हा फरक निर्णायक आहे. ट्रक उलटण्याचे प्रसंग क्वचित येतात. हमालाच्या हातून जिन्यात वॉशिंग मशीन निसटणे, खोक्यावर खोके ठेवल्याने मिक्सरचे भांडे चेपणे आणि दहा खोक्यांपैकी एक कमी निघणे हे नेहमीचे. ‘बी’ प्रकारच्या पॉलिसीत यातले काहीच बसत नाही. वापरलेल्या घरसामानासाठी विमा कंपन्या अनेकदा ‘बी’च देऊ करतात किंवा ‘ए’ दिलाच तर त्यात ओरखडे, पोचे आणि रंग उडणे वगळतात. म्हणून स्वस्त प्रीमियम पाहून हुरळून जाण्याआधी पॉलिसीवर कोणता क्लॉज जोडला आहे, ते वाचावे. संप, दंगल आणि नागरी अशांतता यांचे संरक्षण थोडा जादा प्रीमियम देऊन घ्यावे लागते. संरक्षण नेमके कुठे सुरू होते आणि कुठे संपते, हेही पाहावे: काही पॉलिसी माल गाडीत चढवण्यापासून धरतात, त्यामुळे तिसऱ्या मजल्यावरून खाली आणताना झालेली मोडतोड बाहेरच राहू शकते.

‘ए’ प्रकारच्या पॉलिसीतही काय मिळत नाही?

अपुरे किंवा चुकीचे पॅकिंग, वस्तूचा अंगभूत दोष, नेहमीची झीज, उशिरामुळे झालेला तोटा आणि विमाधारकाचे जाणूनबुजून केलेले गैरवर्तन हे ठरलेले अपवाद आहेत. रोकड, दागिने, मूळ कागदपत्रे, रोपे आणि खाद्यपदार्थ घरसामानाच्या पॉलिसीत सहसा नसतात. ते सोबतच न्यावेत. देवघरातल्या चांदीच्या मूर्ती आणि ताम्हण-पंचपात्री ‘भांडी’ या खोक्यात टाकून पाठवण्याची चूक करू नये. यादीत ‘भांडी’ एवढेच असेल, तर चांदीची किंमत कोणीही मान्य करणार नाही.

विद्युत किंवा यांत्रिक बिघाड हा आणखी एक अपवाद. फ्रिजवर बाहेरून खूण नाही, पण तो थंड करत नाही, अशा तक्रारीला ‘अंतर्गत बिघाड’ म्हणून नकार मिळतो. सामान देण्यापूर्वी फ्रिज, टीव्ही आणि वॉशिंग मशीन चालू असतानाचा छोटा व्हिडिओ, प्रतिनिधी चौकटीत दिसेल असा, काढून ठेवल्यास निदान वाहतूकदाराविरुद्धच्या दाव्यात तो उपयोगी पडतो.

किंमत किती जाहीर करावी? खरेदीची, आजची की नवीन घेण्याची?

वापरलेल्या वस्तूंसाठी सामान्यतः आजचे बाजारमूल्य, म्हणजे घसारा वजा जाता उरणारी किंमत, धरली जाते. सहा वर्षांपूर्वी ४५,००० रुपयांना घेतलेल्या सोफ्याचे ४५,००० लिहून जास्त प्रीमियम भरला, तरी भरपाई मूल्यांकनाप्रमाणेच मिळते. पण याच्या उलट चूक अधिक महाग पडते. समजा, एकूण सामान सहा लाखांचे आहे आणि प्रीमियम वाचवण्यासाठी तुम्ही तीन लाखांचा विमा घेतला. वाटेत ६०,००० रुपयांचा टीव्ही फुटला. तीन लाखांच्या विम्यात साठ हजार सहज बसतात, असे वाटते. प्रत्यक्षात तुम्ही निम्म्या जोखमीचे विमाकर्ते स्वतः आहात असे मानून विमा कंपनी निम्मेच, ३०,००० रुपये, मान्य करते आणि त्यातूनही पॉलिसीत ठरलेली सुरुवातीची वजावट कापते. यासाठी यादीतील प्रत्येक मोठ्या वस्तूपुढे स्वतंत्र किंमत लिहावी. ‘घरगुती सामान, एकूण तीन लाख’ अशी एकच ओळ लिहिली, तर एका वस्तूचा दावा करताना तिची किंमत काय होती, यावरच वाद सुरू होतो.

सामानाची यादी मूव्हर्सचा सुपरवायझर करतो. ती पुरेशी नाही का?

तीच यादी पुढे पुरावा ठरते, म्हणून ती तयार होत असताना शेजारी उभे राहावे. अनुभवी सुपरवायझर प्रत्येक वस्तूपुढे ‘स्क्रॅच्ड’, ‘ओल्ड’, ‘नॉट चेक्ड’ असे शेरे सवयीने मारत जातो. वर्षभरापूर्वी घेतलेल्या, ओरखडाही नसलेल्या डायनिंग टेबलापुढेही ‘स्क्रॅच्ड’ येते. शेरा चुकीचा असेल तर तिथल्या तिथे खोडून घ्यावा. खोक्यांना क्रमांक हवेत आणि ‘किचन बॉक्स – ४’ ऐवजी प्रत्येक खोक्यात ढोबळमानाने काय आहे, ते लिहिलेले हवे. टीव्ही, लॅपटॉप, एसी यांचे मॉडेल आणि अनुक्रमांक लिहावेत. एसीच्या बाबतीत आतले आणि बाहेरचे युनिट, रिमोट आणि तांब्याचा पाइप यांच्या वेगळ्या ओळी कराव्यात, कारण गहाळ होतो तो बहुधा पाइप. यादीची, बिल्टीची आणि मालपाठवणीच्या नोंदपत्राची सही केलेली प्रत गाडी सुटण्याआधी हातात असली पाहिजे. बिल्टी देणाऱ्या कंपनीचे नाव कोटेशन देणाऱ्या कंपनीशी जुळते का, तेही पाहावे. एकाने बुकिंग घ्यायचे आणि दुसऱ्याच्या ट्रकमध्ये माल टाकायचा, ही या धंद्यातली रोजची रीत आहे. वाहतूकदाराची नोंदणी परिवहन प्राधिकरणाकडे झालेली असणे बंधनकारक आहे. नोंदणी क्रमांक विचारल्यावर जो विषय बदलतो, त्याच्याकडे माल देऊ नये.

काही खोकी मी स्वतः भरली. त्यांचे काय?

मूव्हर्स म्हणणार की आत काय होते आणि कसे भरले होते, हे आम्हाला माहीत नाही. विमा कंपनी अपुऱ्या पॅकिंगचा अपवाद पुढे करणार. दोघांचेही म्हणणे निराधार नाही. पुस्तके, कपडे, अंथरूण-पांघरूण खुशाल स्वतः भरावे. काच, चिनी माती आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू मात्र त्यांच्याच माणसांकडून भरून घ्याव्यात.

दुचाकी किंवा कार सोबत पाठवायची आहे. तिच्यासाठी वेगळा विमा घ्यावा का?

आधी स्वतःच्या वाहनाची पॉलिसी काढून पाहावी. स्वतःच्या नुकसानीचे संरक्षण असलेल्या प्रमाणित मोटार पॉलिसीत रस्ता, रेल्वे, अंतर्देशीय जलमार्ग, लिफ्ट किंवा विमान यांतून वाहन नेले जात असतानाचे नुकसान समाविष्ट असते. म्हणजे मूव्हर्स बाइकच्या ‘इन्शुरन्स’साठी वेगळे पैसे मागत असेल, तर तो बरेचदा तुमच्याकडे आधीच असलेली गोष्ट पुन्हा विकत असतो. मात्र फक्त थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर हे संरक्षण नसते. दावा केल्यास नो क्लेम बोनस जातो, आणि प्लास्टिक व रबराच्या भागांवर पन्नास टक्के घसारा कापला जातो. तुटलेल्या इंडिकेटरसाठी हा दावा परवडत नाही. तो खर्च वाहतूकदाराकडूनच मागावा. रेल्वेने बाइक पार्सल करणार असाल, तर किंमत जाहीर करून टक्केवारीचा आकार भरल्याशिवाय रेल्वेची जबाबदारी वजनावर आधारलेल्या अत्यल्प रकमेपुरतीच राहते, आणि भरपाईची लेखी मागणी सहा महिन्यांच्या आत करावी लागते.

सामान पोहोचल्यावर सही करण्याची घाई केली जाते. काय करावे?

गाडी रात्री दहाला येते, सोसायटीचा वॉचमन लिफ्ट बंद करण्याच्या तयारीत असतो, हमालांना परत जायचे असते आणि ‘सर्व सामान सुस्थितीत मिळाले’ असे छापलेला कागद पुढे केला जातो. त्या कागदावर कोरी सही करू नये. खोक्यांचे क्रमांक यादीशी ताडून पाहावेत, मोठ्या वस्तू उघडून पाहाव्यात आणि जे दिसेल ते त्याच कागदावर लिहावे: ‘खोके क्र. १७ मिळाले नाही’, ‘फ्रिजचे दार उजव्या बाजूने चेपलेले’, ‘गादी ओली’. सर्व खोकी उघडणे शक्य नसेल तर ‘आतील सामान तपासलेले नाही, तपासणीच्या अधीन राहून स्वीकारले’ असे लिहून सही करावी. चालक असे लिहू देत नसेल, तर कागदाचा फोटो घेऊन त्याच रात्री मूव्हर्सला ई-मेल करावा. फुटलेल्या वस्तूचे फोटो पॅकिंगसकट काढावेत आणि सर्व्हेयर (विम्याच्या दाव्यातील नुकसान तपासणारा) येऊन जाईपर्यंत तुकडे व वेष्टन टाकून देऊ नये.

दावा आधी कोणाकडे करायचा, मूव्हर्सकडे की विमा कंपनीकडे?

दोघांकडेही, एकाच वेळी. विमा कंपनीला ताबडतोब कळवावे. पॉलिसीत त्यासाठी मुदत दिलेली असते. कंपनी पॉलिसी, बिल्टी, यादी, फोटो, दुरुस्तीचा अंदाज, वाहतूकदाराला पाठवलेले मागणीपत्र आणि वाहतूकदाराने दिलेला नुकसानीचा किंवा तुटीचा दाखला मागते. हा दाखला द्यायला वाहतूकदार टाळाटाळ करतो, म्हणून डिलिव्हरीच्या कागदावरचा तुमचा शेरा इतका महत्त्वाचा.

वाहतूकदारासाठी मुदत कायद्यातच आहे: कलम १६ नुसार नुकसानीची लेखी नोटीस माल बुक केल्याच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत दिलेली नसेल, तर त्याच्याविरुद्ध दावाच दाखल करता येत नाही. ‘बघतो’, ‘साहेब गावाला गेलेत’, ‘हेड ऑफिसला पाठवलंय’ यात हे सहा महिने कसे जातात ते कळत नाही. व्हॉट्सॲपवरच्या बोलण्यावर विसंबू नये; स्पीड पोस्टाने नोटीस पाठवून पोच जपून ठेवावी.

दरम्यान मूव्हर्सने तडजोड म्हणून तीन-चार हजार रुपये देऊ केले आणि ‘पूर्ण व अंतिम’ अशा कागदावर सही मागितली, तर थांबावे. विमा कंपनी तुम्हाला भरपाई दिल्यानंतर तुमच्या जागी उभी राहून वाहतूकदाराकडून वसुली करू शकते. तुम्ही आधीच त्याला मोकळे केले असेल, तर तिचा हा हक्क बुडतो आणि त्या कारणाने ती तुमचा दावा नाकारू शकते.

मूव्हर्स दाद देत नाही. पुढे काय?

प्रथम राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. पुष्कळ प्रकरणे तिथेच मिटतात. न मिटल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. तक्रार तुम्ही जिथे राहता किंवा काम करता तिथल्या आयोगात करता येते, त्यामुळे मूव्हर्सचे कार्यालय गुरुग्रामला असले तरी कोल्हापूरच्या ग्राहकाला तिकडे खेटे घालावे लागत नाहीत. सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही आणि तक्रार ऑनलाइनही दाखल होते. मुदत दोन वर्षांची आहे. ती आहे म्हणून १८० दिवसांची नोटीस टाळू नये.

तक्रार विमा कंपनीविरुद्ध असेल तर प्रथम तिच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे, मग आयआरडीएआयच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर आणि महिनाभरात समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे जाता येते. लोकपालाची कार्यालये मुंबई व पुण्यात आहेत आणि सेवा विनामूल्य आहे. पॉलिसी मूव्हर्सच्या नावावर असेल, तर या मार्गावर पहिलाच प्रश्न ‘तुम्ही विमाधारक आहात का’ हा येतो.

बदलीमुळे कंपनीने मूव्हर्स ठरवला आणि बिलही कंपनीच भरणार आहे. अशा वेळी?

दुसऱ्याने पैसे मोजून घेतलेल्या सेवेचा त्याच्या संमतीने लाभ घेणारी व्यक्तीही ग्राहकाच्या व्याख्येत येते. तरीही बिल्टीवर माल पाठवणारा म्हणून कोणाचे नाव आहे आणि विम्याचे पैसे कोणाच्या खात्यात जातील, हे मनुष्यबळ विभागाकडून ई-मेलवर लिहून घ्यावे. कंपनीच्या करारात प्रति कर्मचारी ठरावीक रकमेपर्यंतच विमा असतो. सामान त्याहून जास्त किमतीचे असेल तर फरकाचा विमा स्वतः घ्यावा.

सामान उशिरा आले आणि आठ दिवस हॉटेलात राहावे लागले. तो खर्च मिळेल का?

विम्यातून नाही. कायद्यानुसार उशिराबद्दलची जबाबदारी नोंदपत्रात मान्य केलेल्या कालावधीवर अवलंबून असते आणि त्या कालावधीतील नुकसानीसाठी ती भाड्याच्या रकमेपुरती मर्यादित असते. तारीखच लिहिलेली नसेल तर वाद घालायला आधार उरत नाही. ‘चार ते सात दिवस’ हे तोंडी आश्वासन कागदावर उतरवून घ्यावे.

शिफ्टिंगच्या वेळी हमाल जखमी झाला किंवा सोसायटीची लिफ्ट बिघडली, तर जबाबदारी कोणाची?

हमाल मूव्हर्सचा कामगार असतो आणि सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० (जिने नोव्हेंबर २०२५ मध्ये कर्मचारी नुकसानभरपाई कायदा, १९२३ ची जागा घेतली) खाली त्याची जबाबदारी मालक म्हणून मूव्हर्सवर येते. कंत्राटदारामार्फत काम करून घेणाऱ्या मुख्य मालकालाही हा कायदा जबाबदार धरतो, पण ते काम त्याच्या धंद्याचा भाग असेल तरच. घर बदलणाऱ्या कुटुंबाला ते सहसा लागू होत नाही. नाक्यावरून स्वतः चार माणसे आणि टेम्पो ठरवला, तर मात्र मध्ये कोणी कंत्राटदार नसतो, हे लक्षात ठेवावे. माणुसकीचा भाग वेगळा, तो कायद्याने सांगण्याची गरज नाही. लिफ्टच्या बाबतीत सोसायटी सदस्यालाच धरते आणि तिच्याकडे ठेवलेल्या अनामतीतून खर्च कापते. तो मूव्हर्सकडून वसूल करता येईल, अशी अट कोटेशनमध्ये टाकता येते.

आम्ही अमेरिकेत आहोत. न्यू जर्सीहून टेक्सासला जायचे आहे. तिथे हेच नियम आहेत का?

नाहीत. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात सामान नेणाऱ्या मूव्हर्सना तिथे संघराज्याचे नियम लागू होतात आणि ग्राहकाला दोन पर्याय द्यावे लागतात. पहिला पूर्ण मूल्याच्या संरक्षणाचा: यात मूव्हर्स वस्तू दुरुस्त करून देतो, तशीच दुसरी देतो किंवा तिची किंमत देतो, आणि त्यासाठी वेगळा आकार घेतो. दुसरा जादा पैसे न घेता मिळणारा, ज्यात जबाबदारी प्रति वस्तू प्रति पौंड ६० सेंट एवढीच असते. पन्नास पौंडांचा टीव्ही फुटला तर ३० डॉलर. हा दुसरा पर्याय तुम्ही लेखी स्वीकारला तरच लागू होतो. म्हणून कागदांच्या गठ्ठ्यात कुठे सही करत आहोत, ते पाहावे. प्रति पौंड १०० डॉलरांहून अधिक किमतीच्या वस्तू, ज्यात पैठण्या आणि चांदीची भांडी येऊ शकतात, स्वतंत्र यादीत लिहून दिल्या नाहीत तर पूर्ण मूल्याच्या पर्यायातही त्यांच्यावरील जबाबदारी मर्यादित होऊ शकते. दावा करण्यासाठी नऊ महिने मिळतात. मूव्हर्सने ३० दिवसांत पोच आणि १२० दिवसांत निर्णय द्यायचा असतो. एकाच राज्यातल्या शिफ्टिंगला त्या त्या राज्याचे नियम लागू होतात आणि ते वेगवेगळे आहेत.